सव्वीस डब्यांची यादी

॥ श्री गावदेवी प्रसन्न ॥

धसई, ता. मुरबाड
९ मार्च २०२६

चि. सौ. रविना हिस,

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. आत आलं ते असं: बियाण्याच्या खोलीची किल्ली एक. आपल्या महिला गटाचं ओळखपत्र एक. मनोजच्या लग्नात मी तुला दिलेली हिरवी साडी, घडी न मोडलेली. माझा तिखटाचा डबा, रिकामा, पण घासलेला. वर तिकिटं एकशे चार रुपयांची. तेवढ्या पैशांत मनोज स्वतः येऊन, सगळं देऊन, भावाच्या घरी चार घास जेवून भातसानगरला परत गेला असता. पण त्याला यायचं नसेल. त्याला की तुला, ते मी विचारत नाही.

दिलेली साडी परत करायची रीत आपल्याकडं नाही. बाई मेली तरी तिच्या साड्या कोणी परत पाठवत नाही.

जे मागितलं होतं ते मात्र आलं नाही. ह्यांच्या फोनवरून तुला फोन लागतो, माझ्या फोनवरून लागत नाही. मी काय समजायचं ते समजले. म्हणून कागदावर लिहिते. कागद तुला अडवता येणार नाही.

लॅपटॉपमधली यादी डब्यांशी जुळत नाही. मला बियांची पहिली यादी पाहिजे. तू टाइप केली होतीस ती. तिची प्रत तुझ्या पेनड्राइव्हमध्ये आहे, हे तूच बायकांपुढं म्हणाली होतीस.

खोलीत सव्वीस डबे तसेच आहेत. आत राख, निरगुडीचा पाला आणि उरलेलं बी. प्रत्येक डब्यावर मी रंगानं आकडा घातला आहे. पण कुठल्या आकड्याच्या डब्यात कोणतं भात, हे आज गटात कोणालाच सांगता येत नाही. सकुबाईनं टरफल चोळून, दाणा दाताखाली धरून पंधरा ओळखले. अकरा राहिले. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेत. मे संपायच्या आत ते अकरा ओळखले नाहीत तर यंदाही अंदाजानं पेरायचं, आणि मागच्या वर्षी अंदाजानं काय झालं ते तुला ठाऊक आहे. सकुबाईच्या खोलगट खाचरात उशिरा पिकणारं गरवं वरंगळ जायचं, तिथं लवकर पिकणारं हळवं पटणी गेलं. पितृपक्षातच पिकलं. पाऊस काही हटेना. ती बिचारी बांधावर उभी राहून ओरडत होती, "आगो, भात पिकला नि पानी गुडघ्याएवढा, कापू कसा?" उभ्या लोंब्यांना कोंब आले.

गावात तुझ्याबद्दल जे बोलतात ते मी थांबवू शकत नाही. कोणी म्हणतं, चांगलं बी तू शहापूरच्या बाजारात विकलंस आणि डब्यांत भलतंच भरून ठेवलंस. कोणी म्हणतं, विकलं नाही, पण माझ्यावरच्या रागानं यादी उलटीपालटी केलीस. कोणी पहिल्यांदा म्हटलं ते मला ठाऊक नाही. तू गावदेवीपुढं शपथ घेतलीस, मीही घेतली, आणि तुम्ही दोघं घर सोडून गेलात. देवी बघून घेईल.

यादी पाठव. बाकी काही नको.

तुझी थोरली जाऊ,
अनिता

*

धसई, ३० मार्च २०२६

रविना,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमननं वाचलं असणार, कारण देताना तो हसत होता. तू लिहितेस: "यादी आत्ता पाठवणार नाही. आधी तुमच्या लॅपटॉपवर दोन सेटिंग कोणत्या आहेत आणि त्यांतली कोणती जिंकते ते बघा. मग मला लिहा."

मी दहावी पास आहे, रविना, तुझ्यासारखा कम्प्युटरचा डिप्लोमा केलेली नाही. पण बियाणं जपणाऱ्या संस्थेनं गटाला लॅपटॉप दिला तेव्हा सगळ्या बायका मागं सरकल्या आणि मी एकटी पुढं झाले. तू शिकवलंस हे मी नाकारत नाही. त्या साध्या एडिटरमध्ये मराठी कसं लिहायचं, सेव्ह कसं करायचं, फोल्डर कसा उघडायचा. दुपारी भांडी झाली की तू माझ्याशेजारी बसायचीस. पण शिकवताना तुझा एक सूर असायचा. "ताई, हे तुमाला नाय जमलं तर मी करते." तो सूर मी विसरलेले नाही.

त्या राखाडी आकड्यांवरून आपलं भांडण झालं तेही विसरलेले नाही. ओळीच्या डाव्या बाजूला एक, दोन, तीन असे आकडे येतात ते मला आवडायचे. माझ्या वहीत असतात तसे. मी माझ्या सेटिंगमध्ये ते चालू करायची. पण बियांचा फोल्डर उघडला की ते गायब. पुन्हा चालू करायची, पुन्हा गायब. बाकी सगळीकडं दिसायचे, फक्त तिथंच नाही. मला वाटलं तू मुद्दाम बंद करतेस, मी शिकले ते दिसू नये म्हणून. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "ताई, त्या आकड्यांच्या भरवशावर राहू नका, ते यादीतले नायत." यादीशेजारी दिसणारे आकडे यादीतले नाहीत! मला वाटलं तू मला वेड्यात काढतेस.

मागच्या वर्षी चैत्रात तुझ्या वडलांचं ऑपरेशन झालं आणि तू महिनाभर माहेरी गेलीस. तेव्हा मी लॅपटॉप मुरबाडला शेखरच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "काकी, तुमची सेटिंग बरोबर हाय. पन या फोल्डरमंदी कोणीतरी दुसरी टाकून ठेवलीय, ती तुमच्यावर चढते. उडवू का?"

मी म्हटलं उडव.

आकडे लगेच दिसायला लागले. यात मी काय गुन्हा केला? माझ्या हाताखालच्या यंत्रात माझं चालावं एवढंच मागितलं. आता तूच सांग, यातून सकुबाईच्या भाताला कोंब कसे आले? तुझ्या कोड्याचं उत्तर मला नको आहे. मला यादी हवी आहे.

पाडव्याला तुमच्या वाटची साखरेची गाठी देवापुढं ठेवली होती. मुंग्या लागल्या.

अनिता

*

धसई, १७ एप्रिल २०२६

चि. रविना,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी स्वतःच बघितलं. रागानंच बसले होते. तुला खोटं पाडायचं होतं.

सगळं लिहिते, क्रमानं.

मी कधी काही टाकून देत नाही हे तुला माहीत आहे. तू मला हसायचीस, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते म्हणून. लॅपटॉपची कचरापेटीही मी कधी रिकामी केली नव्हती. शेखरनं वर्षापूर्वी उडवलेली ती फाइल तिथं तशीच पडून होती. परत जागेवर ठेवली, आणि राखाडी आकडे गेले. काढली, आले. पुन्हा ठेवली, गेले. तीन वेळा केलं. मग मला तुझं पोस्टकार्ड समजलं. एक सेटिंग माणसाची, ती सगळीकडं चालते. दुसरी त्या फोल्डरची, ती तेवढ्या फोल्डरातच चालते. एकाच गोष्टीबद्दल दोघींत वेगळं लिहिलं असेल तर फोल्डरची जिंकते. मी आपली समजत होते की थोरलीचं चालेल. यंत्रात थोरलं धाकटं नसतं, जे कामाच्या जवळ असतं त्याचं चालतं.

मग ती फाइल उघडून वाचली. फाइल सेटिंगची, पण मध्ये मध्ये तू मराठीत लिहून ठेवलं होतंस, माणसानं वाचावं म्हणून. पहिलं असं होतं: "ओळींचे आकडे बंद. ते एडिटरचे आहेत, बियांचे नाहीत. ओळ हलली तरी आकडा जागेवरच राहतो. ताई आकडे डब्यांवर घालतील अशी भीती आहे."

दुसरं असं: "सेव्ह करताना ओळी आपोआप लावू नयेत. हा क्रम पेरणीचा आहे, गरवं आधी."

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि भात निवडायला घेतलं. दोन सुपं निवडून झाल्यावर परत उघडला.

गटाच्या बायकांची नावं अ-आ-इ-ई अशी लागावीत म्हणून मीच शेखरकडून माझ्या सेटिंगमध्ये एक गोष्ट करून घेतली होती. सेव्ह दाबलं की ओळी आपोआप त्या क्रमानं लागतात. मला त्याचं फार कौतुक होतं. तुझी फाइल होती तोवर बियांच्या फोल्डरात ते चालत नव्हतं. मी ती उडवली आणि तिथंही चालायला लागलं.

खात्री करावी म्हणून खोटी यादी केली. खोटं नाव घालायला हात धजेना म्हणून देवांचीच घातली: विठ्ठल, गणपती, मारुती, अंबा. तुझी फाइल असताना सेव्ह केलं तर देव जागेवर राहिले. फाइल काढून सेव्ह केलं आणि अंबा पहिली आली, विठ्ठल तळाला गेला. डावीकडचे एक, दोन, तीन, चार मात्र हलले नाहीत.

आता मागच्या चैत्रात काय झालं ते. शेखरकडून आल्या दिवशी मी खोलीत बसून डब्यांवर आकडे रंगवले, पडद्यावरच्या राखाडी आकड्यांवरून. तेव्हा यादी तुझ्याच क्रमात होती. वरंगळ दोन नंबरला, पटणी पंचवीसला. डब्यांना तू बांधलेल्या नावांच्या चिठ्ठ्या राखेनं काळ्या झाल्या होत्या. त्या सोडून चुलीत घातल्या. आयुष्यात तेवढंच टाकून दिलं असेन. मग यादीच्या खाली एक ओळ वाढवली, "डब्यांवर आकडे घातले, अनिता", आणि सेव्ह करून लॅपटॉप मिटला. मागं काय हललं ते बघितलं नाही.

वैशाखात बी वाटायला बसले तेव्हा वरंगळ पंचविसाव्या ओळीला दिसलं. पंचवीस नंबरचा डबा उघडला आणि सकुबाईच्या पदरात पटणी घातलं. सगळ्यांना असंच.

हे तू पहिल्या दिवसापासून ओळखलं असणार. तरी मला पोस्टकार्डावर कोडं घातलंस. सरळ लिहिलं असतंस तर मी मानलं नसतं, तेही खरं. पण मला परीक्षेला बसवलंस याचा राग मला आहे आणि तो लपवत नाही.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. म्हणाले, "मग आता शपथेचं काय?"

आमटी वाढायची राहिली होती, ती वाढली.

अनिता

*

धसई, ४ मे २०२६

चि. सौ. रविना हिस आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

मागच्या मंगळवारी गावदेवीपुढं गटाच्या बायका बोलावल्या. नारळ, ओटी, पाच पानं नेली. कोजागिरीनंतरच्या त्या शपथेच्या मंगळवारी ज्या बायका होत्या त्याच सगळ्या. फक्त तू नव्हतीस. मी लॅपटॉप नेला होता. देवांची यादी करून दाखवली, फाइल ठेवून आणि काढून. अंबा वर गेली तेव्हा बायकांनी हात जोडले. मी म्हटलं, बी कोणी विकलं नाही, यादी रविनानं बदलली नाही. फाइल माझ्या सांगण्यावरून उडाली आणि यादी आपोआप फिरली.

मला वाटलं होतं, बायका मला फाडून खातील. तसं झालं नाही. हिरी म्हणाली, "मशीनच ती. माझा मोबाइल बी आपोआप फोटो उडवतो." बायका हसल्या. सकुबाई म्हणाली, "मंग दोगींची बी चूक नाय गो. यंत्रानं खेळ केला. नारल फोड नि चल घरी."

दोघींचीही नाही. मी नारळ फोडला. प्रसाद वाटला. घरी येईपर्यंत मला हलकं वाटलं. चुलीपुढं बसले तेव्हा कळलं की मी पुन्हा एकदा तेच केलं आहे. तुझी चूक कधी नव्हतीच. "दोघींची नाही" म्हटल्यावर निम्मी तुझ्या पदरात गेली, आणि तीही माझ्या तोंडून.

जे सांगितलं नाही ते आता तुला लिहिते.

वैशाखात बी वाटताना यादीचा क्रम बदललेला मला दिसला होता. न दिसायला मी आंधळी नाही. वरंगळ वरच्या दोन-तीन ओळींत असायचं हे मला पाठ होतं. मला वाटलं मध्ये एक दिवस माहेरून घरी आली होतीस तेव्हा तू नव्यानं लावली असशील. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण तुला विचारायचं म्हणजे मला जमत नाही हे कबूल करायचं. मी नाही विचारलं. आकडा समोर होता, त्याच्यावर भरवसा ठेवला आणि तेरा घरांचं वर्ष वाया घालवलं.

आणि कोजागिरीनंतर तू देवीपुढं म्हणालीस, "ताई, लॅपटॉप उघडा ना एकदा. हितंच सगळ्यांपुढं बघू. माझं चुकलं असल तर माझं नाव घ्या." मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "देवीच्या दारात यंत्र कशाला? देवी खोटी आहे का?" बायका माझ्या बाजूनं झाल्या. तू शपथ घेतलीस. मग तू मला म्हणालीस, "आता तुमी घ्या." मी देवीच्या पायावर हात ठेवून म्हटलं, यादीला माझ्या हातून धक्का लागला नाही.

तेव्हा मला शेखरची आठवण आली होती, रविना. "उडवू का?" आणि मी "उडव" म्हटलेलं. काय उडालं ते मला कळत नव्हतं, पण काहीतरी उडालं हे ठाऊक होतं. लॅपटॉप उघडला तर त्यातून माझंच काही निघेल अशी भीती होती. म्हणून देवीला मध्ये घातलं. चाळीस वर्षं सोमवार-मंगळवार केले आणि ज्या दिवशी तिच्यापुढं खरं बोलायचं त्या दिवशी तिच्याच आड लपले. न कळून घेतलेली शपथ देवी माफ करते म्हणतात. माझी तसली नव्हती.

शहापूरच्या बाजाराचं कोणी म्हटलं ते ठाऊक नाही असं मार्चमध्ये लिहिलं होतं. मीच म्हटलं होतं, दळणाच्या रांगेत. "तिचं माहेर तिकडंच, बी कुठं जाणार दुसरीकडं?" एवढंच. पुढचं बायकांनी केलं.

माझा तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. तू साडी परत केलीस ते मला लागलं आहे. माझी पायरी कधीच चढायची नाही असं तू मनोजला सांगितलंस, तेही माझ्या कानावर आलं. ह्यांना भाऊ तुटला, त्याला भाऊ तुटला, आणि दोघं एकमेकांशी फक्त औषधाच्या दुकानाचं आणि पावसाचं बोलतात. यात माझा वाटा मोठा आहे. पण सगळा माझाच आहे असं मी लिहिणार नाही, कारण मग तू ते पत्र नुसतं जपून ठेवशील.

खोलीची व्यवस्था मी सोडली. किल्ली सकुबाईकडं दिली. तिनं कारण विचारलं, मी म्हटलं मंगळवारी सांगते. मंगळवार म्हणजे १२ मे. सकाळी दहाला पुन्हा बायका बोलावल्या आहेत. सतरा तारखेपासून अधिक महिना लागतो, त्याआधी मला हे करून टाकायचं आहे. वर लिहिलं ते सगळं सांगणार आहे. शेखरचं, वैशाखाचं, दळणाच्या रांगेतलं, शपथेचं. मशीनचं नाव घेणार नाही. त्यानंतर बायका मला गटात ठेवोत, न ठेवोत.

तू यावंस असं मला वाटतं. समेट करायला नाही. चोर तुला तोंडावर म्हटलं गेलं, तेव्हा चोर नाहीस हेही तुझ्या तोंडावरच म्हणायला हवं. मागं बोललेलं मागंच राहतं. पेनड्राइव्ह घेऊन ये आणि यादी तू स्वतः सगळ्यांपुढं उघड. अकरा डब्यांची नावं तू वाच. शहापूरहून मुरबाडला सकाळची गाडी आहे, मुरबाडहून धसईला जीप सारख्या असतात. माझ्या घरी पाणीसुद्धा प्यायची गरज नाही, सकुबाई चहा ठेवणार आहे.

तू आली नाहीस तरी मी सांगणारच आहे. फक्त तुझ्यासाठी थांबायचं की नाही ते मला कळलं पाहिजे. तू येणार नसशील तर यादी तरी हवी, पावसाआधीच्या धूळपेरणीला पंधरा दिवस राहिलेत.

येतेस की नाही एवढं उलट टपाली कळव. पाकिटावर माझं नाव लिहायचं नसेल तर सकुबाईचं लिही. तिला वाचता येत नाही, ती कोणाकडून तरी वाचून घेईल. वाचायला माझ्याकडं आणू नको, ती येते की नाही एवढंच मला कळव, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.

अनिता